भासऱ्यांची विचारपूस

मी धंद्यानं शिंपी, तोही बायकांचे कपडे शिवणारा, आणि माझ्या स्वतःच्या बायकोच्या कमरेचं माप मला ठाऊक नव्हतं. हसू आलं तर हसा, मला राग नाही. देऊळगाव राजातल्या निम्म्या बायकांची मापं मला तोंडपाठ. लग्नानंतर कोण सुटली, बाळंतपणानंतर कोण वाळली, सगळं टेप सांगतो. पण तो टेप गळ्यात तसाच ठेवून घरी आलो की ही उंबऱ्यातच अडवायची, "तो साप दुकानात ठेवून या आधी." नवा ब्लाऊज हवा असला की जुना माझ्या पुढ्यात टाकायची. "ह्याच्यावरून बेता, अन् बाजूनं दोन बोटं जास्त ठेवा." दर खेपेला दोन बोटं. मी चिडवायचो, "अगं, अशानं एक दिवस तंबू होईल याचा." तर म्हणायची, "मंग होऊ द्या ना. पाऊस आला का तुमीबी आत या."

ती खामगावची. तिची बोली पक्की वऱ्हाडी, आमच्याकडं मात्र जालन्याचं वारं लागलेलं. सुरुवातीला आमच्या गल्लीतल्या बाया तिच्या 'मले-तुले'ला हसायच्या, तिच्या अंगालाही हसायच्या. लग्नातच ती माझ्या दीडपट होती. पण बाईच अशी, की हसणाऱ्यांच्या आधी हीच हसून मोकळी व्हायची. "रिक्षावाला मले पाह्यल्यावर दुसरं सीट घेतच नाई," असं स्वतःच सांगायची. लोकांना वाटायचं, हिला काही लागत नाही. लागायचं. त्या सापाचं नाव काढलं की तिचा चेहरा कसा उतरायचा, ते मी पाहिलंय.

आमच्या घरात आम्ही दोघंच. मूलबाळ झालं नाही. अंगण ओलांडलं की पलीकडच्या खोलीत माझा थोरला भाऊ. आई-बाप गेल्यावर त्यानंच मला वाढवलं, शिलाई मशीन त्यानंच घेऊन दिलं. शाळेत कारकून होता, आता निवृत्त. वहिनी फार लवकर गेली. तेव्हापासून त्याचं दोन्ही वेळचं जेवण आमच्याकडून. आता आमच्याकडची रीत सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. नवऱ्याचा थोरला भाऊ म्हणजे भासरे. भासऱ्यांसमोर बाईनं डोक्यावर पदर घ्यायचा, खाटेवर लोळायचं नाही, त्यांच्याशी थेट बोलायचं नाही. आजकालच्या पोरी हे काही मानत नाहीत, आणि छान करतात. पण हिनं मानलं. मी दोघांच्या मध्ये पोस्टमनसारखा बसायचो. ही भिंतीकडं तोंड करून म्हणणार, "त्यायले म्हणा, भाकर गरम हाये, आत्ताच बसा." भाऊ हातभर अंतरावर बसून मला सांगणार, "तिला म्हण, कालचा ठेचा फार तिखट झाला होता." अरे, ती ऐकतेय! पण नाही, मी सांगायचंच. इतक्या वर्षांत त्या दोघांत सरळ एक वाक्य झालं नाही, आणि तरी त्या माणसाला काय आवडतं, कशानं पोट दुखतं, हे तिच्याइतकं जगात कुणाला ठाऊक नव्हतं.

भाऊ येण्याआधी अंगणात खाकरायचा. मोठ्या माणसानं असंच यायचं असतं, म्हणजे आतल्या बाईला पदर सावरायला वेळ मिळतो. त्याचं ते खाकरणं मला अजून ऐकू येतं, आणि खरं सांगतो, ऐकू आलं की मला त्याचा संताप येतो.

तिच्या बेंबीपाशी एक गाठ होती. कधीपासून, देव जाणे. विचारलं की म्हणायची, "गॅस हाये." दाबली की आत जायची, म्हणून तिनं मनावर घेतलं नाही आणि मला हात लावू दिला नाही. एक दिवस भर दुपारी दुकानात फोन आला. "अवो, घरी या बरं जरा," एवढंच म्हणाली, पण आवाज असा की मी कापडात कात्री तशीच ठेवून निघालो. ती मोरीत बसली होती, ओकाऱ्या थांबत नव्हत्या आणि गाठ दगडासारखी घट्ट. शेजारच्याची गाडी काढली आणि जालन्याला नेलं.

दवाखान्यात तिला वजनकाट्यावर उभं राहायला सांगितलं. जीव जात होता बाईचा, तरी माझा हात धरून म्हणाली, "तुमी तिकडं पाहा." मी भिंतीकडं पाहिलं. भिंतीवर हसऱ्या बाळाचं चित्र होतं.

आतडं गाठीत अडकलं होतं. डॉक्टरनं लगेच ऑपरेशन केलं. बाहेर येऊन म्हणाला, "नशीब, आतडं काळं पडलेलं नाही. आत सोडलंय, भोक शिवलंय, त्यावर जाळी बसवलीय." माझ्या जिवात जीव आला. मी हात जोडले, तसा तो थांबला. तरुण माणूस, फार बोलणारा नव्हता. मला बाकड्यावर बसवून म्हणाला, "काका, आतलं काम झालं. आता खरी काळजी बाहेरची. पोटावर चरबीचा थर जाड आहे. चरबीत रक्त कमी पोचतं, म्हणून तिथली जखम भरायला वेळ लागतो. त्यात पोटाची घडी खाली लोंबते, घडीत घाम साचतो, घामात जंतू वाढतात. आणि यांची शुगर वाढलेली निघाली, तुम्हाला कुणाला माहीतच नव्हती." मग काय काय करायचं ते सांगितलं. जखम कोरडी ठेवा. घडीत मऊ सुती कापड ठेवा, ओलं झालं की बदला. रोज थोडं चालवा. डाळ, मटकी, दूध, अंडं चालत असेल तर अंडं भरपूर द्या, जखम त्यावरच भरते. साखर बंद. आणि पोटावर घट्ट काही बांधायचं नाही, सैल गाऊन घाला. मी मान डोलावत होतो. यात अवघड काय आहे, असं मला वाटलं होतं. सैल गाऊन! अहो, मी शिंपी. पाहिजे तेवढे गाऊन शिवतो.

आणि शिवले. जुन्या मऊ साड्यांचे, पुढून पूर्ण उघडणारे, माप न घेता, अंदाजानं. घरी आल्यावर तिनं पहिला गाऊन घातला, आरशात पाहिलं आणि म्हणाली, "माय वं! गादीले खोळ घातल्यावानी दिसून राह्यली मी." पण आवडला होता. खाटेवर पाय पसरून, वाऱ्याला पडून राहिली. मी घडीखाली कापड ठेवलं, तेही ठेवू दिलं. आजारपणानं तिची लाज माझ्यापुरती थोडी सैल झाली होती. मी मटकीची उसळ केली, ती तिनं नाक मुरडत खाल्ली. भेटायला आलेल्या बाया सांगून गेल्या, की डाळीनं, मटकीनं टाक्यात पू होतो, पेशंटला साबुदाणा द्यायचा. मी म्हटलं, तुमचा साबुदाणा तुमच्या घरी ठेवा. रागावल्या. रागवू द्या!

मग संध्याकाळी अंगणात भाऊ खाकरला.

ती खाटेवरून उठली. कशी उठली ते सांगतो. कुशीवर वळून, एका हातानं खाटेची पाटी धरून, दुसऱ्या हातानं टाके दाबून. मला म्हणाली, "परकर द्या, परकर द्या लवकर." मी म्हटलं, "अगं, चादर ओढून घे ना वरून." "भासऱ्यायपुढं मॅक्सीत बसू? डोकं ठिकाणावर हाये ना तुमचं?" तिनं परकर चढवला. आता जाड पोटाच्या बाईचा परकर कुठं बसतो, हे शिंप्याला सांगावं लागत नाही. घडीच्या वर नाडी टिकत नाही, घसरते. म्हणून पोट हातानं उचलायचं, नाडी घडीत घालायची आणि करकचून ओढायची, कारण पाचवारी साडीचं सगळं ओझं त्या एका नाडीवर. आणि टाक्यांची रेघ खाली तिथपर्यंतच आलेली. नाडीची गाठ नेमकी त्या शेवटच्या टाक्यांवर बसली. तिनं ओठ दाबला, साडी गुंडाळली, पदर घेतला आणि खुर्चीत ताठ बसली. "या म्हणा त्यायले."

भाऊ आला. दाराजवळच्या स्टुलावर बसला. "तिला विचार, बरं वाटतंय का?"

"त्यायले म्हणा, बरं हाये. आता काही दुखत नाई."

"तिला म्हण, काळजी घे. जेवणाचं माझं कसंही होईल."

"त्यायले म्हणा, त्यायनं डाळ-भातावर राहू नये. थोडी बरी झाली का मी उठतोच."

एवढं झालं. चहा घेऊन तो गेला. ती उठली, तेव्हा कपाळावर घाम थबथबला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो पुन्हा आला. संध्याकाळी परत. का येणार नाही? त्याच्या ताटात एवढी वर्षं जिनं भाकर वाढली, तिला विचारायला जायचं नाही तर काय करायचं? तो खाकरायचा आणि ही उठायची. तो यायचा ते तिच्या मायेनं, आणि ही उठायची ते त्याच्या आदरानं. आणि मध्ये ती नाडी. माझ्यावर वेडं व्हायची पाळी आली.

मी गप्प बसलो नाही. आधी तिच्याशी भांडलो. "डॉक्टरनं काय सांगितलं होतं? घट्ट बांधायचं नाही!" म्हणाली, "घडीभराचा तं प्रश्न हाये. ते गेले का सोडतो ना मी." मग भावाकडं गेलो. आता तुम्हीच सांगा, थोरल्या भावापुढं आपल्या बायकोच्या परकराच्या नाडीचं बोलणं काढायचं कसं? शेवटी म्हटलं, "दादा, तिला जरा आराम पाहिजे." त्यानं वर्तमानपत्र खाली ठेवलं. "मग मी काय तिला कामाला लावायलो का? बसतो, विचारतो, जातो." मी म्हटलं, "तसं नाही, अंगणातूनच विचारलं तरी चालेल." त्याचा चेहरा पडला. "परक्यासारखं अंगणातून? एवढी मोठी बिमारी झाली आणि मी आत पाय ठेवू नको?" डोळ्यांत पाणी आलं हो त्या माणसाच्या. त्या दिवसापासून त्यानं चहा बंद केला, म्हणजे तिला त्रास नको. यायचा मात्र तसाच, सकाळ-संध्याकाळ.

तिला कुठूनतरी हे कळलं. मला म्हणाली, "त्यायले येऊ नका म्हणून सांगून आले? शरम नाई वाटली? त्यायनं तुमाले लेकासारखं वाढवलं." मी हात टेकले. घडीतलं कापडही ती आता स्वतःच बदलायला लागली, मला हात लावू देईना.

पुढं घरात पावडरीचा वास यायला लागला. घामोळ्याची पावडर, डबाभर ओतायची ही. मी विचारलं, तर "उकडून राह्यलं" म्हणाली. उन्हाळा लागला होता, मला पटलं. एकदा सकाळी चादर बदलताना पिवळट डाग दिसला. मी म्हटलं, "दाखव." नाही म्हणाली. मी आयुष्यात तिच्यावर कधी एवढ्यानं ओरडलो नव्हतो. तिनं गाऊन बाजूला केला आणि तोंड फिरवलं. घडीत पावडरीचा लगदा झाला होता, खालचे टाके सुटले होते आणि जखमेचं तोंड उघडलं होतं. वास तर असा, की पावडर कशासाठी होती ते लगेच कळलं. "कधीपासून?" म्हटलं. मला तिचा राग आला, भावाचा राग आला, आणि त्याहून जास्त भीती वाटली.

जालन्याला डॉक्टरनं उरलेले टाके काढले, जखम धुतली. मला बाहेर बोलावून विचारलं, "इथं रोज काय बांधत होतात? कातड्यावर दोरीचा वळ आहे."

"नाडी," मी म्हटलं.

"मी सैल गाऊन सांगितला होता ना?"

"घरात भासरे येतात."

दुसरा कुणी असता तर चिडला असता. हा म्हणाला, "माझ्या आईनंही हेच केलं असतं." मग कामाचं बोलला. आता जखम वरून शिवून चालणार नव्हतं. उघडी ठेवून तळापासून भरू द्यायची, आणि ती लवकर भरावी म्हणून तिच्यात स्पंज ठेवून वरून मशीन लावायचं. ते मशीन आतलं घाण पाणी ओढून घेतं.

मशीन लावलं. गुरगुर आवाज करायचं. ही म्हणाली, "म्हशीचं दूध काढाचं मशीन दिसते हे. भल्लं दूध देऊन राह्यली मी." सिस्टर हसली, मी हसलो. अहो, त्या दवाखान्यात ती सुधारली! कारण तिथं परकर नव्हता. भाऊ एसटीनं जालन्याला यायचा, पण बायकांच्या वॉर्डात त्याला येऊ देत नसत. तो व्हरांड्यातून मला विचारायचा, मी आत जाऊन सांगायचो, परत येऊन तिचं उत्तर द्यायचो. पोस्टमनची नोकरी चालूच. पण ती पडल्या पडल्या उत्तर द्यायची. जखम लाल, स्वच्छ झाली. डॉक्टर म्हणाला, लाल रंग चांगला, म्हणजे मांस धरतंय. मग त्यानं घरी जायला सांगितलं, ड्रेसिंग मला शिकवलं, आणि म्हणाला, "पुन्हा तिथं काही बांधलं तर मला सांगू नका, मला ऐकवणार नाही."

घरी जायचं म्हणजे पुन्हा ते खाकरणं. मी वॉर्डात तिच्या उशाशी बसून विचार करत होतो आणि मला एकदम सुचलं. साडीचं ओझं कमरेवर कशाला पाहिजे? खांद्यावर टाकू! परकर खांद्यापासून लोंबता शिवायचा, लहान पोरीच्या झग्यासारखा, रुंद पट्ट्यांचा. त्यावर साडीच्या निऱ्या आणि पदर शिवूनच टाकायचे. डोक्यातून घातलं की साडी नेसल्यासारखं दिसेल आणि पोटावर एक दोरासुद्धा लागणार नाही. तिला सांगितलं. म्हणाली, "असं नाटकातल्या लोकायवानी?" पण डोळे चमकले. मग मी म्हटलं, "पण यावेळी अंदाजानं जमायचं नाही. खांद्यावर तोललं जायला पाहिजे. माप लागेल."

घरी आल्यावर तिनं दार लावून घेतलं, कडी पुन्हा पाहिली, आणि माझ्यापुढं उभी राहिली. दुकानात मला मापं मोठ्यानं बोलायची सवय. म्हणाली, "घ्या. पन तोंडातून काढू नका." मी टेप घेतलाच नाही. कापडाची एक लांब पट्टी फाडली, ती तिच्या कमरेभोवती, पोटाभोवती जखमेला न लावता फिरवली आणि जिथं मिळाली तिथं चिमटीत धरली. आकडा नाही, काही नाही. तिनं डोळे मिटले होते आणि पापण्यांखालून पाणी येत होतं. मला त्या बाईचं इतकं वाईट वाटलं म्हणून सांगू! एवढी वर्षं दोन बोटं, दोन बोटं करत काढली, आणि मला काय फरक पडत होता? मी तिला म्हटलंसुद्धा तसं. "मले पडत होता," ती म्हणाली.

ती साडी मी जीव ओतून शिवली. पुढं हिरवी किनार नीट निऱ्यांवर आणली, पाठीमागं उघडायची जागा, पट्ट्यांखाली मऊ अस्तर. संध्याकाळी भाऊ खाकरला आणि ती खाटेवरून सावकाश उठली, हात वर केले, मी डोक्यावरून साडी सोडली. झालं! खुर्चीत बसली, पदर घेतला. भाऊ आत आला, स्टुलावर बसला, बराच वेळ पाहत राहिला आणि म्हणाला, "तिला म्हण, आज चेहरा खुलला आहे." पदराआड ती लाजली. मला माझ्याच कामाचा इतका अभिमान आजवर वाटला नव्हता.

त्यानंतर जखम भरत गेली. खोटं नाही सांगत. रोज ड्रेसिंग करताना मला दिसायचं, तळ वर येतोय, कडा जवळ येतायत. मटकी, डाळ, अंडी. तिला अंडं आवडायला लागलं होतं. शुगर खाली आली. अंगणात चकरा मारायची. ती बेत करायला लागली, खामगावला माहेरी जाऊ, पापड घालू. "पन तुमचीच साडी घालीन," म्हणाली, "पोट मोकळं राह्यते." वरून जखम करंगळीएवढी उरली.

आणि एका दुपारी तिला हुडहुडी भरली. बाहेर ऊन रणरणतंय आणि ही दोन गोधड्यांत कुडकुडतेय. डोळे लाल, श्वास वर. जालन्याला नेईपर्यंत नीट बोलतही नव्हती. डॉक्टरनं पोटाचा फोटो काढला आणि मला पुन्हा त्याच बाकड्यावर बसवलं. "काका, वरून जखम छान भरली. पण पहिल्या वेळी जो पू झाला होता, तो आत जाळीपर्यंत गेला. जाळी आपली नाही ना, परकी वस्तू. तिथं जंतू दडून बसतात, औषध पोचत नाही. आता ती काढावी लागेल." मी विचारलं, "मग बरी होईल?" तो म्हणाला, "काढली नाही तर होणार नाही." एवढंच खरं त्याला बोलता आलं, आणि ते तो बोलला.

तिला आत नेत होते तेव्हा तिला थोडी शुद्ध होती. व्हरांड्यात भाऊ उभा होता. स्ट्रेचर त्याच्याजवळून जाणार, हे तिला दिसलं. तिनं मला खुणावलं आणि मी हिरवी चादर तिच्या डोक्यावरून ओढली. चादरीतून म्हणाली, "त्यायले म्हणा, काही दिवस डब्याचं पाहून घ्या." मी वळून भावाला तसंच सांगितलं. भाऊ म्हणाला, "तिला म्हण, डब्याची चिंता करू नको." पण तोवर दार बंद झालं होतं, आणि तो निरोप माझ्याकडंच राहिला.

जाळी काढली. तरी विष रक्तात गेलेलं होतं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती गेली.

घरी आणली, सगळं झालं. माणसं आली, गेली. बाया म्हणाल्या, शुगर वाईट. कुणी म्हणालं, अंगच फार होतं बिचारीचं. मी ऐकून घेतलं. भांडायला माझ्यात त्राण नव्हतं, नाहीतर एकेकीला दारातून परत पाठवली असती. अंग होतं, हो होतं! पण त्या अंगावरची जखम भरत होती. मी माझ्या डोळ्यांनी पाहिली होती भरताना.

सगळे गेल्यावर भाऊ आत आला. त्या दिवशी खाकरला नाही, कुणासाठी खाकरणार? स्टुलावर बसला. मी भात लावला होता, तो त्याच्यापुढं ठेवला. त्यानं हात लावला नाही. या काही महिन्यांत म्हातारा झाला होता तो माणूस, गळ्याची हाडं वर आली होती. माझ्या ओठांपर्यंत सगळं आलं होतं. नाडी, वळ, पावडर, कपाळावरचा घाम, सगळं. एकदा सांगून टाकावं आणि मोकळं व्हावं. तो उठून गेला असता, पुन्हा माझं तोंड पाहिलं नसतं, आणि मला ते चाललं असतं, इतका राग माझ्यात होता.

"मला कळत नाही," तो म्हणाला. "मी तर रोज पाहत होतो तिला. रोज बरी दिसायची. बसायची, बोलायची." मग त्यानं मान वर केली, आणि लहान पोरानं विचारावं तसं मला विचारलं, "तिची विचारपूस करण्यात मी कुठं कमी पडलो का रे?"

"नाही दादा," मी म्हटलं. "एक दिवसही नाही."